दस्ता लाकडाचा की प्लास्टिकचा? आधी खांद्याला विचारा

हा विषय पाहून आमच्या काही सभासदांना नवल वाटेल. पेन्शन, रिक्त पदे, कंत्राटी भरती हे रोजचे प्रश्न सोडून युनियनच्या पानावर बंदुकीच्या दस्त्याची चर्चा कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. ज्याच्या खांद्यावर बंदूक असते, त्याच्या दृष्टीने ते कामाचे हत्यार आहे. गँगमनचा घण जसा, पोस्टातला लाकडी मुठीचा शिक्का जसा, तशीच जवानाची रायफल. हत्यार कशाचे असावे, कोणाच्या मापाचे असावे, मोडले तर कोणी दुरुस्त करावे आणि ते बदलले तर जुन्या कारागिराचे काय करावे, हे प्रश्न कामगार चळवळीचेच आहेत.

शिवाय हा विषय परक्याच्या घरचा नाही. रेल्वे सुरक्षा दल १९५७ च्या कायद्याने उभे राहिले आणि त्याच कायद्याने दलाचे जवान रेल्वे कर्मचारी मानले जातात. १९८५ च्या दुरुस्तीने हे दल संघराज्याचे सशस्त्र दल झाले आणि परवानगीशिवाय कोणत्याही युनियनचे सभासद होण्याची वाट जवानांसाठी बंद झाली. ते आपल्याच गाडीत, आपल्याच फलाटावर रात्रपाळी करतात, पण हातातल्या हत्याराबद्दल सभेत उभे राहून बोलू शकत नाहीत. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोलणे हे आम्ही आमचे काम समजतो. दुसरीकडे ही हत्यारे घडवणारे आयुधनिर्माणीचे कामगार आहेत. बंगालमधील इच्छापूरला रायफली होतात, आणि त्यांत भरायच्या गोळ्या आपल्या खडकीला आणि भुसावळजवळच्या वरणगावला होतात. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या किती घरांत एक भाऊ रेल्वेत आणि दुसरा आयुधनिर्माणीत आहे, हे तेथल्या सभासदांना सांगायला नको.

दस्त्याचे काम काय

दस्ता म्हणजे बंदुकीचा तो भाग, जो माणसाच्या अंगाला लागतो. नळी आणि यंत्र लोखंडाचे. त्यांना खांद्याशी, गालाशी आणि हाताशी जोडतो तो दस्ता. गोळी सुटली की मागे येणारा धक्का तो खांद्यावर पसरवतो, आणि तापलेल्या नळीपासून हाताला वाचवतो. नेम चांगला लागतो की नाही हे नळीवर जितके, तितकेच दस्त्यावर अवलंबून असते. कारण दस्ता हलला की नळी हलते, आणि नळी केसभर हलली की शंभर मीटरवर गोळी बोटभर सरकते.

शेकडो वर्षे हे काम लाकडाने केले, आणि त्यातही अक्रोडाने. अक्रोड मध्यम वजनाचे, धक्का सोसणारे, एकदा नीट वाळले की फारसे न पिळणारे आणि पटाशीखाली स्वच्छ कापले जाणारे लाकूड आहे. काश्मीरच्या अक्रोडाचे दस्ते घालून बंदुका घडवणारे कारागीर श्रीनगरला आजही आहेत. दस्ता कोरणारा सुतार फळी घेतली की आधी तिच्या रेषा पाहतो. मुठीजवळ दस्ता सर्वांत बारीक असतो आणि मोडतो तोही तिथेच. म्हणून त्या जागी रेषा लांबीच्या दिशेने सलग वाहिली पाहिजे. ती आडवी गेली तर दिसायला कितीही सुंदर असो, बंदूक एकदा हातातून पडली की दोन तुकडे. ही पारख पुस्तकात मिळत नाही.

लाकडाचा दुसरा मोठा गुण म्हणजे ते दुरुस्त होते. पोचा पडला तर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री फिरवतात, वाफेने दबलेले लाकूड वर येते. चीर पडली तर खुंटी आणि सरस. टवका उडाला तर तेवढाच भाग कोरून नवा तुकडा बसवतात. जवसाचे तेल दरवर्षी चोळले तर दस्ता नोकरीत माणसाच्या दोन पिढ्या काढतो. जुन्या .३०३ रायफलीने हे करून दाखवले आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

पावसाळ्यात लाकूड काय करते

पण लाकूड तोडल्यावरही हवेतली ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सैल होते, हे आपण सगळेच पाहतो. तोच प्रकार दस्त्यात होतो. नळीखालचे लाकूड फुगले की ते नळीला एका बाजूने रेटते. चांदमारीत मे महिन्यात लागलेला नेम ऑगस्टमध्ये लागत नाही आणि शेरा मात्र जवानाच्या नावावर पडतो.

हे दुखणे नवे नाही. पहिल्या महायुद्धानंतर जगभर अक्रोड कमी पडू लागले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याने तिथलीच दुसरी लाकडे वापरली, आणि मऊ लाकूड धक्क्याने दबू नये म्हणून त्यात तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. आपल्या इच्छापूरच्या कामगारांनी .३०३ च्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातला, म्हणजे ते चिरणार नाही. बंदुकांचे जाणकार या स्क्रूला आजही इच्छापूरच्या नावाने ओळखतात. आपल्या कारखान्यातल्या एका साध्या सुधारणेला जगात नाव मिळाले, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

अमेरिकेने व्हिएतनामच्या दमट जंगलात एम-१४ ही अक्रोडाच्या दस्त्याची रायफल नेली तेव्हा दस्ते फुगू लागले. १९६० च्या दशकात तिच्यासाठी काचतंतूचे दस्ते आले, आणि तिच्या जागी आलेल्या एम-१६ ला तर सुरुवातीपासूनच प्लास्टिकचा दस्ता होता. त्याआधी १९५९ सालीच रेमिंग्टन कंपनीने नायलॉनच्या दस्त्याची छोटी रायफल बाजारात आणली होती, आणि ती दहा लाखांहून अधिक खपली. रशियाने मधला रस्ता काढला. एके रायफलीसाठी त्यांनी बर्चचे पातळ थर एकमेकांना चिकटवून दस्ते केले, म्हणजे साध्या भाषेत प्लायवूड. थर चिकटवलेले लाकूड एकसंध लाकडाइतके हलत नाही. पुढे त्यांनीही प्लास्टिक घेतले. ब्रिटनने आपल्या एसएलआरचे लाकूड काढून काचतंतू घातलेले नायलॉन बसवले. त्याच जातीची आपली १ए१ एसएलआर मात्र लाकडी दस्त्यानिशी नोकरी करत राहिली.

प्लास्टिकची बाजू, आणि प्लास्टिकचे सत्य

प्लास्टिकच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. पावसात ते लाकडासारखे फुगत नाही. वाळवी लागत नाही. तेल चोळावे लागत नाही. साच्यातून हजारावा दस्ता पहिल्यासारखाच निघतो, त्यामुळे एका रायफलीचा भाग दुसरीला बसतो. लाकूड वर्षानुवर्षे वाळवावे लागते, साच्यातला दस्ता मिनिटाच्या हिशेबात तयार होतो. आणि दस्त्याजोगा अक्रोड वाढायला माणसाचे निम्मे आयुष्य जाते. फळे देणारे झाड दस्त्यासाठी तोडावे हे काश्मीरच्या शेतकऱ्यालाही परवडणारे नाही.

पण प्लास्टिक म्हटले की सगळे प्रश्न मिटले, असे जे विक्रेते सांगतात आणि अधिकारी मान डोलावतात, ते आम्ही मान्य करत नाही. तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, वजनाची. प्लास्टिक म्हणजे हलके, हा समज खरा नाही. काचतंतू घातलेले नायलॉन त्याच आकाराच्या अक्रोडापेक्षा दुप्पट जड असते. दस्ता आतून पोकळ ठेवला तरच वजन वाचते. लाकडी दस्त्याची .३०३ सुमारे ४ किलोची आणि प्लास्टिकच्या दस्त्याची इन्सासही रिकामी असताना ४ किलोच्या थोडी वरच. आठ तास फलाटावर उभ्या राहणाऱ्या जवानाच्या खांद्याला दोन्ही सारख्याच.

दुसरी, दर्जाची. प्लास्टिक हे काही एकाच वस्तूचे नाव नाही. नायलॉनही थोडे पाणी शोषते. काही प्लास्टिके सततच्या उन्हाने ठिसूळ होतात, काही कडाक्याच्या थंडीत. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासची प्लास्टिकची मॅगझिने थंडीने तडकल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. मॅगझिन म्हणजे दस्ता नव्हे, पण धडा तोच आहे. कोणते प्लास्टिक, किती काचतंतू, कोणत्या तपमानाला तपासलेले, हे निविदेत लिहिलेले नसेल तर सर्वांत कमी दराचा माल येणार आणि त्याची परीक्षा सीमेवरच्या जवानाच्या हातात होणार.

तिसरी, दुरुस्तीची. लाकडी दस्ता तुटला तर शस्त्रागारातला सुतार किंवा आर्मोरर तो जोडतो. प्लास्टिकचा तुटला तर फेकून नवा आणायचा. नवा कोठाराच्या फळीवर तयार असेल तर हे सोपे. नसेल तर मागणीपत्र, मंजुरी, खरेदी, आणि तोवर रायफल कोपऱ्यात. सुटे भाग वेळेवर न मिळाल्याने काय होते हे लोको शेड आणि वर्कशॉपमधल्या आमच्या बांधवांना आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

खांदा सगळ्यांचा सारखा नसतो

लाकूड की प्लास्टिक या वादात एक गोष्ट हरवते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दस्त्याची लांबी. दस्ता लांब पडला की आखूड हाताच्या माणसाला मान ताणून नेम धरावा लागतो आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. .३०३ च्या काळी इंग्रजांनी सुद्धा हे ओळखून चार लांबींचे दस्ते ठेवले होते. साहेबाचे सैन्य होते, पण मापाचा दस्ता देण्याची त्याची पद्धत होती. नंतर हळूहळू एकच माप सगळ्यांना, असे झाले.

आज रेल्वे सुरक्षा दलात महिला मोठ्या संख्येने आहेत. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी २०२० साली सुरू झालेली ‘मेरी सहेली’ ही योजना त्याच चालवतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या भगिनीला आणि सहा फुटी जवानाला एकाच मापाचा दस्ता देऊन दोघांना एकाच चांदमारीत उभे करणे आणि मग गुण मोजणे, हा न्याय नाही. येथे प्लास्टिकची आणि धातूची बाजू खरोखर वरचढ आहे. मागेपुढे सरकणारा दस्ता लाकडात करणे अवघड आणि या नव्या मालात सोपे. आपल्याकडे अमेठीजवळ कोरव्याला तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलीचा दस्ता दुमडतो आणि त्याची लांबीही बदलता येते.

मापाचा दस्ता काय करतो याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या दर्जाच्या स्पर्धांत आज बहुतेक दस्ते ना लाकडाचे असतात ना प्लास्टिकचे. ते अॅल्युमिनियमचे असतात आणि गालाची पट्टी, खांद्याचा टेका, मूठ, सगळे नेमबाजाच्या अंगाच्या मापाने सरकवता येते. तिथे माल कोणता हा प्रश्न दुय्यम आणि माणसाला काय बसते हा पहिला. पदकासाठी हे करतो, तर पहाऱ्यासाठी का नको?

सुताराचे काय?

दस्ता बदलला की दस्ता करणारा बदलतो. आपण रेल्वेवाल्यांनी हे रुळांवर पाहिले आहे. लाकडी स्लीपर चार जण उचलून बसवत आणि हाताने पॅकिंग करत. काँक्रीटचा ब्रॉडगेज स्लीपर अडीचशे किलोच्या पुढे. तो माणसांनी उचलायचा नव्हेच. काँक्रीट टिकाऊ आहे, त्यामुळे जंगल वाचले, गाड्यांचा वेग वाढला, हे आम्ही नाकारत नाही. पण यंत्रे आली, त्यांच्यामागे कंत्राटदार आले आणि गँगची संख्या घटली. स्लीपर बदलण्याचा निर्णय तांत्रिक होता. माणसे घटवण्याचा निर्णय तांत्रिक नव्हता. तो स्लीपरच्या पोटात लपवून आणला गेला.

दस्त्याच्या बाबतीतही हाच धोका आहे. सुतारशाळेत हाताने होणारे काम साच्यावर गेले की साचा कारखान्याच्या आतच असला पाहिजे असे कोणी म्हणत नाही. बाहेरच्या पुरवठादाराला ऑर्डर द्यायची आणि आत फक्त जोडणी करायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ आयुधनिर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली. त्याआधी विरोधाचा आवाज उठताच संपबंदीचा वटहुकूम काढण्यात आला. आता प्रत्येक कंपनीला नफा दाखवायचा आहे, आणि नफा दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आतले काम बाहेर देणे. अशा वेळी ‘प्लास्टिक आधुनिक आहे’ हे वाक्य ऐकले की कामगाराने एक प्रश्न विचारावा: आधुनिक आहे ते कबूल, पण ते करणार कोण आणि कुठे?

आरोग्याचा हिशेबही दोन्हींकडे मांडला पाहिजे. लाकडाची धूळ निरुपद्रवी समजली जाते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तिला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे, विशेषतः नाकाच्या. काचतंतूचा दस्ता घासताना उडणारी धूळ त्वचेला आणि घशाला झोंबते, आणि काही राळांची वाफ फुप्फुसाला चांगली नाही. तेव्हा लाकूड गेले म्हणून धूळशोषक यंत्र काढून टाकायचे, असे होता कामा नये. यंत्र, मुखपट्टी आणि वर्षाची वैद्यकीय तपासणी दोन्ही ठिकाणी हवीच.

दोष लाकडावर ढकलू नका

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे घडले ते आपण विसरलेलो नाही. पन्नासहून अधिक माणसे गेली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून सूचना देत शेकडो प्रवाशांना बाहेर काढले. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी एका जुन्या .३०३ रायफलीने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे ‘लाकडी दांड्याच्या बंदुका’ अशी चेष्टा झाली. आमचे म्हणणे एवढेच की त्या रात्री उणे होते ते लाकडात नव्हते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल आणि समोर आपोआप चालणारी एके, ही ती तफावत होती. एके-४७ च्या मूळ रचनेतही दस्ता लाकडाचाच होता. जुन्या हत्याराला नवा प्लास्टिकचा दस्ता चढवला आणि आधुनिकीकरण झाले असे जाहीर केले, तर ती जवानाची आणि प्रवाशाची दोघांचीही फसवणूक ठरेल. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच गोळ्या सरावाला देणार असू, तर दस्ता चंदनाचा केला तरी नेम सुधारणार नाही.

आमचा कौल

हे सगळे तोलून पाहिल्यावर आमचे मत असे आहे. पहाऱ्याच्या आणि गस्तीच्या रोजच्या रायफलीसाठी लाकडापेक्षा चांगल्या दर्जाचा कृत्रिम दस्ता योग्य आहे. कोकणच्या पावसात, राजस्थानच्या धुळीत आणि गुवाहाटीच्या दमट हवेत एकाच गाडीबरोबर फिरणाऱ्या जवानाला हवेबरोबर न बदलणारे हत्यार मिळाले पाहिजे. लाकडाबद्दल आम्हांला आदर आहे, पण आदरापोटी दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवणे बरे नव्हे. मात्र हा कौल बिनशर्त नाही. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे:

१. दस्ता कोणत्या मालाचा, कोणत्या उष्णतेला, थंडीला आणि किती उंचीवरून पाडून तपासलेला, हे निविदेत स्पष्ट लिहावे. केवळ कमी दर हा निकष नको.

२. खरेदीपूर्वी प्रत्यक्ष वापरणाऱ्या जवानांच्या हातात तो एक पूर्ण पावसाळा द्यावा आणि त्यांचे लेखी मत घ्यावे. त्यात महिला जवान असल्याच पाहिजेत.

३. एकच माप सगळ्यांना ही पद्धत बंद करून सरकणारा दस्ता किंवा किमान तीन लांबींचे दस्ते द्यावेत.

४. सुटे दस्ते प्रत्येक विभागीय शस्त्रागारात ठेवावेत. लाकडी दस्त्याच्या ज्या रायफली सेवेत राहतील त्यांच्यासाठी तेल, सरस आणि सुताराचे पद कायम राहावे.

५. साचे आयुधनिर्माणीतच बसवावेत, सुतारशाळेतल्या कामगारांना नव्या कामाचे प्रशिक्षण द्यावे आणि एकाही पदाची कपात करू नये.

आयुधनिर्माणीच्या कामगार बांधवांना आमची विनंती आहे की लाकूड वाचवण्याची लढाई लढू नका, काम वाचवण्याची लढा. लाकूड कधी ना कधी जाणार आहे. पण रेषा पाहून दस्ता कुठे मोडेल हे सांगणारा जो डोळा आहे, तो साच्यातला दस्ता तपासायलाही लागतो. तो डोळा कारखान्यात राहिला पाहिजे.

आणि रेल्वे व टपाल खात्यातल्या आमच्या सभासदांना सांगणे एवढेच की उद्या तुमच्या हातातले एखादे हत्यार बदलायला कोणी आले, तर नवे म्हणून नाचू नका आणि जुने म्हणून अडून बसू नका. हातात घेऊन पाहा, आपल्या मापाचे आहे का ते बघा, मोडले तर कोण दुरुस्त करील ते विचारा, आणि मिळालेले उत्तर लेखी मागा.